भंगार म्हणण्याआधी कॅबिनेट उघड

ताई, नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी २०१४ साली मोठ्या बहिणीच्या शिक्षणासाठी घेतलेला कॉम्प्युटर आहे: आय-५ ४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचं ग्राफिक कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मित्र सायबरपंक २०७७, एल्डन रिंग आणि रेड डेड रिडेम्प्शन २ खेळतात. माझ्याकडे जीटीए ५ सुद्धा वीस मिनिटं नीट चालतो आणि मग अडखळायला लागतो, उन्हाळ्यात तर जास्तच. एका दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच सांगितलं, “भिया, ये तो कबाड़ है, पूरा नया ले लो.” बाबा म्हणतात, आहे त्यात भागव. ते याच कॉम्प्युटरवर जीएसटीची रिटर्नं भरतात, बँकेचं कामही करतात. ट्यूशन घेऊन मी बारा हजार साठवलेत. हे गेम या मशीनवर चालतील का? आणि पैसे नेमके कशावर घालू?

तुझा,
एक वाचक

—

प्रिय वाचक,

पार्टांची यादी तू व्यवस्थित दिली आहेस, पण पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते वीस मिनिटांचं आहे. कमजोर कार्ड पहिल्या मिनिटापासून कमजोर असतं. वीस मिनिटांनी दम लागणारं मशीन बहुतेक वेळा तापत असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड या दोघांनाही ठराविक तापमानापुढे आपला वेग आपणच कमी करून जीव वाचवायची सोय असते, आणि तुझ्या ४५७० ची ती हद्द शंभर अंशांच्या आसपास आहे. शिवाय जीटीए ५ पीसीवर आला २०१५ साली. त्याच्या शिफारशीत आय-५ ३४७० प्रोसेसर आणि जीटीएक्स ६६० कार्ड होतं. तुझा प्रोसेसर त्याहून एक पिढी पुढचा, कार्ड साधारण त्याच ताकदीचं. हा गेम तुझ्याकडे अडखळता कामाच नये. ज्याने कॅबिनेट उघडलं नाही त्याला हे कळणार कसं?

म्हणून बाजारात जाण्याआधी मोजमाप कर. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाक, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान आणि त्याचा वेग, कार्डचं तापमान, कार्ड किती टक्के राबतंय, कार्डची मेमरी, रॅम आणि फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो), एवढं दिसेल असं लाव. मग जीटीए अर्धा तास खेळ आणि पाचव्या मिनिटाचे व तिसाव्या मिनिटाचे आकडे कागदावर लिहून काढ. ४५७० चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, जोर लावला की ३.६. तिसाव्या मिनिटाला तापमान नव्वदीच्या वर आणि वेग ३.२ च्याही खाली आला असेल, तर दुखणं सापडलं आणि औषध अगदी स्वस्तातलं आहे.

कॅबिनेट कुठे ठेवलाय तेही बघ. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना खाली तीन बाजूंनी बंद असलेला एक कप्पा असतो आणि कॅबिनेट त्यात कोंबलेला असतो. वर कधी कधी आईने शिवलेलं कव्हरही असतं. मागचा पंखा जी गरम हवा बाहेर फेकतो, तीच हवा फिरून पुढून आत जाते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असताना त्या कप्प्यातली हवा किती तापत असेल याचा विचार कर. तो आधी बाहेर काढ, मागे वीतभर जागा सोड.

आता साफसफाई. ही मी जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक घाई करतात. बाबांना विचारून, त्यांच्या रिटर्नची तारीख तोंडावर नसताना, दिवसाउजेडी हे काम कर. आधी कॉम्प्युटर पाच मिनिटं चालू ठेव, म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते ती थोडी सैल होते. मग बंद करून वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर आणि कॅबिनेट गॅलरीत ने. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव. प्रोसेसरवरचा इंटेलचा गोल पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसलेला असतो. प्रत्येक खुंटीवर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने फिरवून वर ओढली की खुंटी सुटते. पंखा सरळ उपटू नकोस, डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडव.

पंखा वेगळा केलास की त्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा जाड थर दिसेल. वरून तो कधीच दिसत नाही, आणि सगळी हवा त्याने अडवलेली असते. ब्रशने आणि ब्लोअरने तो काढ, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. ग्राफिक कार्डच्या पंख्यालाही तेच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कपड्याने पुसून काढ आणि नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मधोमध ठेव. पसरवत बसायची गरज नाही, दाबाने ती आपोआप पसरते. खुंट्या बाणाच्या उलट दिशेला फिरवून पहिल्यासारख्या कर, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन दाब. चारही खुंट्यांचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. बोर्डाच्या मागून बघ, चौघींची टोकं पार झालीत ना. एक जरी अर्धवट राहिली तर पंखा तिरका बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पुन्हा अर्धा तास खेळ, पुन्हा आकडे लिही. हे दोन्ही कागद बाबांना दाखव. तू हजारो रुपये मागायला आला नाहीस, घरातली वस्तू आधी नीट केलीस, हे त्यांना दिसू दे. पुढचं बोलणं मग सोपं होतं.

मशीन गार झालं तरी फ्रेम कमी पडतायत? मग अडवतंय कोण ते शोध. गेमचं रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० कर. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर.

आता पैशांचं. माझा तुला एकच आग्रह आहे: जे पार्ट उद्या नव्या कॉम्प्युटरमध्ये उचलून लावता येतील, त्यांच्यावरच नवी रक्कम घाल. एसएसडी (हार्ड डिस्कची वेगवान बहीण), चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि ग्राफिक कार्ड पुढे कामाला येतात. तुझी जुन्या पद्धतीची डीडीआर३ रॅम आणि या सॉकेटचा (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेचा) प्रोसेसर येत नाही, त्यामुळे ते घ्यायचे तर वापरलेले आणि स्वस्तातच. चार वर्षांनी कमावता झालास की नव्या मशीनचा निम्मा संसार तुझ्याकडे आधीच तयार असेल.

पहिली खरेदी एसएसडीची. साधी अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच वायरवर चालणारी) एसएसडी, शक्य असेल तर ५०० जीबीची, कारण रेड डेड एकटाच १५० जीबी मागतो. २४० जीबीच्या एसएसडीत विंडोज टाकल्यावर त्याला जेमतेम जागा राहते. एच८१ बोर्डावर साटाचे दोन पोर्ट वेगवान असतात आणि दोन जुन्या वेगाचे. एसएसडी वेगवान पोर्टलाच लाव, बोर्डावर छापलेलं असतं. एसएसडीने फ्रेमचा आकडा वाढत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मात्र घोडा दौडवत नव्या भागात शिरल्यावर क्षणभर सगळं गोठतं ना, ते कमी होतं. आणि बाबांचा ब्राउझर लख्ख उघडायला लागतो. घरात या पैशांची बाजू घेणारा तो पहिला पुरावा.

दुसरी रॅम. तुझ्या बोर्डाला दोनच खाचा आहेत आणि १६ जीबी ही कमाल मर्यादा. एकाच पट्टीवर चालणाऱ्या मशीनची मेमरीची अर्धी वाट बंदच असते, त्यामुळे ८ जीबीची आणखी एक पट्टी लावलीस की जागाही दुप्पट आणि वाटही. जुन्या ऑफिस कॉम्प्युटरमधून निघालेल्या पट्ट्या आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये विचारून बघ. फसायच्या जागा तीन: लॅपटॉपची आखूड पट्टी, सर्व्हरची पट्टी, आणि फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी स्वस्त डीडीआर३, जी तुझ्या इंटेलच्या बोर्डावर चालणारच नाही. घरी आणल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू दे. एकही चूक दाखवली तर पट्टी परत.

ग्राफिक कार्ड तिसरं, आणि इथे माझं मत ठाम आहे. तुझं ७५० टीआय फेब्रुवारी २०१४ चं. ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत. म्हणजे जुने गेम ते आनंदाने चालवेल, पण नव्यांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. तुझ्या मशीनला सोसेल असं कार्ड म्हणजे ४ जीबीचं जीटीएक्स १६५०. ते ७५ वॉटमध्ये चालतं आणि त्याची बरीच मॉडेल्स थेट बोर्डाच्या खाचेतून वीज घेतात. वेगळी पॉवरची वायर न लागणारंच मॉडेल बघ, कारण कॅबिनेटसोबत आलेल्या फुकट एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ लिहिलेलं असलं तरी तेवढी वीज तो देईल याचा भरवसा नाही.

कोणीतरी तुला आरएक्स ५८० अगदी मोहात पाडणाऱ्या किमतीत देऊ करेल. कार्ड ताकदीचं आहे यात वाद नाही. पण ते १८५ वॉट खातं आणि त्याला आठ पिनांची वायर लागते. दुकानदार म्हणेल, कनव्हर्टर लावून देतो. लावू देऊ नकोस. नाव नसलेल्या एसएमपीएसवर कनव्हर्टर लावून असं कार्ड चालवलं तर तो एसएमपीएस जळताना बोर्डही सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि त्या बोर्डावर बाबांचं काम आहे. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डांवर आकडेमोड करून ते कमावणं) बंद पडलं तेव्हा दिवसरात्र राबलेली असली कार्डं ढिगाने बाजारात आली. आरएक्स ५८० च्या नावाने विकलं जाणारं ‘२०४८ एसपी’ कार्ड तर मुळात ५७० च्या ताकदीचं आहे.

आरएक्स ६५०० एक्सटी नवं आणि आटोपशीर दिसतं, पण तुझ्यासाठी ते चुकीचं. त्या कार्डाला बोर्डाशी बोलायला चारच लेन असतात, आणि एच८१ वर त्या लेन पीसीआय एक्सप्रेस २.० च्या जुन्या वेगाने चालतात. कार्डची मेमरी भरली की सगळं रखडतं. इंटेल आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवा असतो, तुझ्या काळच्या बोर्डांवर तो नसतो. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

वापरलेलं कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड उघडायला लाव. जुन्या कार्डावर नव्या नावाचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून विकायचा धंदा जोरात आहे आणि हे छोटं सॉफ्टवेअर अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे ‘फेक’ असं दाखवतं. तिथेच पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून बघ. बिलावर सीरियल नंबर लिहून घे. दुकानदाराने कां-कूं केली तर पैसे खिशात ठेवून उठ. इंदूरमध्ये दुकानांची काय कमी आहे?

एवढं करून तुझ्या तीन गेमांचं काय होईल? रेड डेड रिडेम्प्शन २ ची किमान अट आय-५ २५००के आणि ८ जीबी रॅम अशी आहे, तीत तू बसतोस. जीटीएक्स १६५० लागलं की तो तुझ्याकडे खरोखर सुंदर चालेल, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत सुंदर जग त्याचंच आहे. सायबरपंकने सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या बदलानंतर अटी वाढवल्या: एसएसडी हवीच, १२ जीबी रॅम, आय-७ ६७०० आणि जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड. तू प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींत खाली राहतोस. तरी खटपट करून तो तीस फ्रेमवर खेळता येण्याजोगा होऊ शकतो, फक्त मेन्यूत गर्दीची घनता सगळ्यात कमी ठेव, कारण रस्त्यावरची माणसं तुझ्या चार कोअरच्या प्रोसेसरला सगळ्यात जड जातात. एल्डन रिंग मी शेवटी ठेवेन. त्याची किमान अट सहा कोअरचा आय-५ ८४०० आहे आणि कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करून दाखवायची एफएसआर नावाची सोय त्यात नाही. त्या गेममध्ये एक अडखळ म्हणजे एक मरण.

काही दारं मात्र बंदच आहेत, ती ठोठावत बसू नकोस. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस या दोन्हींना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असलेलं कार्ड सक्तीचं आहे. सेटिंग कमी करून ते १६५० वर चालत नाहीत. कार्ड घेण्याआधी हे तुला माहीत असायला हवं.

सेटिंगमध्ये सरसकट सगळं ‘लो’ करणं ही वाईट सवय आहे, गेम उगाच भकास दिसतो. सावल्या, धुकं-ढग, प्रतिबिंबं आणि ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतल्या मंद सावल्या) हे कार्डाचा घाम काढतात, ते उतरव. टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या बारकाव्यांना) कार्डची ताकद फारशी लागत नाही, मेमरी लागते. ४ जीबीत मावेल तितकं ते वर ठेव, चेहरे आणि भिंती छान दिसतील. लांबवरचं दृश्य आणि गर्दी प्रोसेसरवर येते. रेड डेड आणि सायबरपंकमध्ये एफएसआर आहे, ‘क्वालिटी’वर लाव. १०८० च्या स्क्रीनवर तो आतून ७२० वर चित्र काढतो आणि मोठं करून देतो. डीएलएसएस ही एनव्हिडियाची तशीच सोय तुझ्यासाठी नाही, त्याला आरटीएक्स कार्ड लागतं.

आणि फ्रेम बांधून ठेव. पंचवीस ते पन्नास अशी उड्या मारणारी फ्रेम डोळ्यांना त्रास देते. एकसारख्या तीस फ्रेमची मेंदूला दहा मिनिटांत सवय होते. रिव्हाट्यूनरमध्ये मर्यादा ३० कर. चाळीसचा मोह होईल, पण तुझा मॉनिटर बहुधा साठ हर्ट्झचा असणार. साठाला तीसने पूर्ण भाग जातो, चाळीसने जात नाही, आणि चित्र पुन्हा हिंदकळतं.

आता कळकळीने एक सांगते. मित्राच्या पेनड्राइव्हवरचा क्रॅक केलेला गेम या मशीनवर अजिबात टाकू नकोस. ते इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर बाबा बँकेचा पासवर्ड टाइप करतात. आधीच विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, ती केली नसेल तर आजच कर. विंडोजमध्ये तुझा वेगळा युजर बनव, ॲडमिनचे हक्क नसलेला. पुढे मागे बाबांचं बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर न्यायचा विचारही घरात बोलून ठेवा.

पैसे जमेपर्यंत हात बांधून बसू नकोस. हॉलो नाइट आणि हेडीस हे गेम आत्ता, याच ७५० टीआयवर छान चालतील. त्यांना मी पहिल्या रांगेतले गेम मानते, नाइलाजाचे म्हणून सुचवत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला २०२० चा राजी सुद्धा बघ. आपल्या देवळांची, आपल्या पुराणांतली दुनिया त्यात आहे.

सगळं झाल्यावरही चारही कोअर शंभर टक्क्यांवर ठोकलेले दिसले, तर वापरलेला आय-७ ४७७० शोध. सॉकेट तोच, वीजही तेवढीच, ८४ वॉट, पण एका वेळी आठ कामं उचलतो. बोर्डाचा बायोस आधी अपडेट करून घे. त्याच्यापुढे या बोर्डावर एक रुपयाही घालू नकोस.

गेम स्टीमवरून घे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. सेटिंगच्या मेन्यूत घालवलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, तेव्हा सेटिंग काय ठेवायची ते आधी कागदावर ठरवून मगच गेम उघड. रेड डेडचा पहिला भाग बर्फात आहे आणि तो पुढच्या शहरापेक्षा हलका जातो. त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानू नकोस. बर्फातून खाली उतरून पहिल्या गावात पोचेपर्यंत घड्याळावर नजर ठेव, आणि निर्णय तिथे घे.

तुझी,
ताई